खुराड्याच्या छपराखालची फट

आप्पा, मी कोंबड्या पाळल्या आहेत. चार. घरामागे एक बाग आहे, म्हणजे इथले लोक तिला बाग म्हणतात, तुमची सायकल आडवी केली तर ती भरून जाईल. तिथे लाकडी खुराडं आहे आणि या घडीला चौघी जणी फळीवर अंग फुगवून बसल्या आहेत. बाहेर पारा शून्याच्या खाली गेलाय. खुराड्यात बल्ब नाही, हीटर नाही. तुमचे जावई सकाळी ऑफिसला निघताना काचेतून त्यांच्याकडे बघतात आणि रोज विचारतात, "नक्की ना?" मी म्हणते, "नक्की." ज्यांच्याकडून मी हे शिकले त्यांनी जन्मात बर्फ पाहिला नव्हता, हे मात्र मी जावयांना सांगत नाही. या पत्रात कोंबड्यांचं बरंच येईल, कारण ते ऐकायला तुमच्याइतकं दर्दी माणूस मला या डच गावात, कापेलमध्ये, अजून भेटलेलं नाही. पण खरं बोलायचंय ते स्वेटरबद्दल. तुम्ही मला दिलेल्या. तिथवर यायला मला जरा वेळ लागेल. फाटे फोडत बोललेलं तुम्हाला चालायचं नाही हे मला ठाऊक आहे, पण आता तुम्हाला मधेच तोडता येत नाही, तेवढा फायदा मी घेणार.

तुमची नात सप्टेंबरात युट्रेख्टला शिकायला गेली. तुम्ही तिला पाहिलं नाहीत; तुम्ही गेलात तेव्हा ती माझ्या पोटात पाच महिन्यांची होती. आता अठरा वर्षांची आहे, उंचीने माझ्या वर गेली आहे, आणि मराठी सगळं समजून घेऊन उत्तर मात्र इंग्रजीत किंवा डचमध्ये देते. आमच्या घरापासून युट्रेख्ट फार लांब नाही, रोज ट्रेनने जाऊन-येऊन करता आलं असतं. पण तिला स्वतःची खोली हवी होती. पाच मुलामुलींचं एक जुनं घर आहे, आणि त्यांच्यात नियम असा की पाचही जण हो म्हणाल्याशिवाय हीटर सतराच्या वर करायचा नाही. ते ऐकलं त्याच दिवशी मी बाजारातून जाड लोकरीचा स्वेटर आणला, हिरव्या रंगाचा, गळ्यापर्यंत बंद होणारा. तिने तो हातात धरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला घोंगडं पांघरून कॉलेजात पाठवतेय. म्हणाली, "मॅम, आय हॅव अ जॅकेट." इथली मुलं आईला मॅम म्हणतात. मी तो तिच्या बॅगेत कोंबला.

मग मी फोन करायला लागले. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. जेवलीस का, हीटर लावलाय का, खिडकीतून वारा येतो का, मोजे कुठले घातलेस. मी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरसारख्या डॉक्टरांकडे, फोन घ्यायचं काम करते. दिवसभर लोकांना हेच विचारते, कधीपासून, कुठे, किती. ते विचारलं की लोकांना बरं वाटतं. तुमच्या नातीला नाही वाटलं. आधी ती तुटक बोलायला लागली, मग फोन उचलेना, आणि ऑक्टोबरच्या मध्यात तिचा मेसेज आला: मॅम, मी आजारी नाहीये, मला पेशंटसारखं तपासू नकोस, थोडे दिवस फोन करू नकोस प्लीज. आणि त्यानंतर खरंच काही नाही. तीन आठवडे मी तिचा आवाज ऐकला नाही. एकुलती एक पोर, आणि मी तिला माझ्याच हाताने दूर ढकलली की काय, या विचाराने मला जेवण गोड लागेना. घरात तिची सायकल तेवढी होती, हवा गेलेली. तेव्हा मी कोंबड्या आणायचं ठरवलं. यावरून काय समजायचं ते तुम्ही समजलाच असाल.

आयसेल नदी ओलांडली की पलीकडे पोल्डर लागतो. सपाट गवत, मधून मधून पाण्याचे चर, आणि अडवायला काहीच नसल्यामुळे सुसाट वारा. तिथे ऐंशीच्या घरातले एक आजोबा हौस म्हणून जातिवंत कोंबड्या वाढवतात. मी जाण्याआधी पुष्कळ वाचून गेले होते आणि माझं ठरलं होतं: ब्राह्मा. तुम्ही पाहिली नसेल ही जात. कोंबडी कसली, गादीच आहे ती. शिवाय पायांवर पार बोटांपर्यंत पिसं. मला थंडी म्हटलं की मोजे सुचतात, आणि ही तर जन्मतःच मोजे घालून आलेली. मी आजोबांना माझ्या डचमध्ये सांगितलं की मला खुराडं गरम करायचं नाही, म्हणून थंडीची कोंबडी हवी, आणि पायांवर पिसं असलेली ही मला पसंत आहे. आजोबांनी आपला गमबूट उचलून तळ दाखवला. बोटभर चिखल होता.

"मेव्राउ," ते म्हणाले, इथे अनोळखी बाईला असंच म्हणतात, "आमची थंडी कोरडी नाही. आठवडाभर पाऊस आणि मग एक दिवस हिम. ही पिसं भिजतात, त्यांना चिखलाचे गोळे लागतात, आणि ते गोळे गोठतात. तुम्ही ओल्या मोज्यांनी झोपाल का?"

मी नाही म्हटलं. आणि तिथे त्या वाऱ्यात उभी असताना, आप्पा, मला तुमचा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला की मी मागे वळून पाहिलं. "कोंबडी थंडीनं मरत नाही. ओलीनं मरते आणि कोंडल्यानं मरते." हे तुम्ही मला एकदाच म्हणाला होतात, ते कधी ते पुढे लिहिते. पण एवढं ठाऊक असून मी मोजेवाली कोंबडी घ्यायला आले होते, याची मला लाज वाटली.

मग मी नीट बघायला लागले, तुमच्यासारखी. रंग नाही, तुरा. तुमच्या उबवणी केंद्रावरच्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांचे ते मोठे लालभडक तुरे निफाडकडच्या थंडीत जानेवारीत टोकाला काळे पडायचे, आणि तुम्ही म्हणायचात की जेवढं अंगाबाहेर लोंबतं तेवढं आधी गारठतं. आजोबांच्या वायनडॉट कोंबड्यांचा तुरा चपटा, डोक्याला चिकटलेला, गारठायला त्यात काही नाहीच. मी एक उचलली, काखेत धरली, छातीवरची पिसं फुंकर मारून बाजूला केली आणि खालची लव किती दाट आहे ते पाहिलं. पाय उलटून बोटांच्या मधली कातडी पाहिली. आजोबा बघत राहिले. "हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, वडिलांकडे. "शेतकरी होते?" म्हटलं, नाही, सरकारी नोकर. यावर ते इतके हसले की खोकला आला त्यांना. त्या दिवशी दोन वायनडॉट घेतल्या आणि एक बार्नेवेल्डर, जी याच ओल्या देशात घडलेली जात आहे, तिला इथला पाऊस नवा नाही. चौथी घ्यायची नव्हती. ती पांढरी लेगहॉर्न होती, तुरा एका डोळ्यावर पडलेला, थंडीच्या दृष्टीने साफ चुकीची. पण मी पिंजऱ्यापाशी वाकले तशी ती पुढे आली आणि माझ्या अंगठीला चोच मारली, अगदी तुमच्या केंद्रावरच्या कोंबड्या तुमच्या घड्याळाला मारायच्या तशी. आजोबा म्हणाले, हिचं तुम्हाला बघावं लागेल. मी म्हटलं, बघेन.

तुमचं ते केंद्र मला इथे फार आठवतं. अंडी उबवणी केंद्र, पत्र्याची पाटी, फाटकाशी औषधाच्या पाण्याची चौकोनी टाकी, त्यात पाय बुडवल्याशिवाय साहेबालाही आत सोडायचं नाही असा तुमचा कायदा. सुट्टीच्या दिवशी मी तुमचा डबा घेऊन येते आणि तुम्ही पिल्लांच्या खोलीबाहेर उभे असता. आत पत्र्याच्या टोपाखाली बल्ब लावलेले असतात. कागदोपत्री त्याला कृत्रिम दाई म्हणायचे आणि तुम्हीही ते अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणायचात. तुम्ही दार उघडत नाही. दाराला कान लावून, डोळे मिटून उभे राहता. मी काही बोलायला जाते तर बोट ओठावर. मग मला म्हणता, "ऐक. गारठली की किंचाळतात. ऊब बरोबर असली की आपसात कुजबुजतात. दार उघडून बघायला गेलीस तर आतली ऊब बाहेर जाते आणि तुझ्या बघण्यानंच ती गारठतात." मी कान लावते. मला नुसता किलबिलाट ऐकू येतो. तुम्हाला त्यात एका कोपऱ्यातला बल्ब गेलेला ऐकू येतो. तुम्ही आत जाता, आणि खरंच एक बल्ब गेलेला असतो. मला वाटायचं, आप्पांना जादू येते.

नोव्हेंबरात इथे पहिली खरी थंडी आली. आजोबांनी मला सगळं नीट सांगितलं होतं: बसायला गोल दांडी नको, चपटी रुंद फळी हवी, म्हणजे कोंबडी पोटाखाली बोटं झाकून बसते, संध्याकाळी मूठभर मका द्यायचा, तो पचता पचता आतून शेक देतो, पाणी सकाळ-संध्याकाळ कोमट करून बदलायचं. आणि छपराखाली, त्यांच्या डोक्यांच्या वर, चार बोटं फट उघडी ठेवायची, कितीही थंडी पडली तरी. मी सगळं केलं. फक्त त्या दिवशी संध्याकाळी वारा सुटला, फटीतून शीळ ऐकू यायला लागली, आणि मला राहवेना. कापेलच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मी कोंबड्यांचा फोटो टाकला होता, तिथे एक ताई लिहितात, अगं मुकी जनावरं आहेत, एक छोटा हीटर तरी लाव. हीटर मी लावला नाही. पण पार्सलातून आलेलं बुडबुड्यांचं प्लास्टिक घेतलं आणि ती फट इकडून तिकडे ठासून बंद केली. भेगा होत्या त्याही बुजवल्या. झोपताना मला फार समाधान वाटलं.

सकाळी दार उघडलं तर आतल्या फळ्या ओल्या होत्या. छताला थेंब लोंबत होते. वासाने डोळ्यांत पाणी आलं. वायनडॉट जरा मलूल होत्या, पण पांढरीच्या पिसांवर दव धरलेलं होतं आणि तिच्या तुऱ्याचं टोक फिकट राखाडी झालं होतं. चार कोंबड्यांचा आठ-दहा तासांचा श्वास, बाहेर जायला जागा नाही, तो त्यांच्याच अंगावर पडला होता. मी प्लास्टिक ओरबाडून काढलं आणि त्या थंडीत, अंगात नुसता गाऊन, तिथेच पायरीवर बसले, कारण हे मी याआधी एकदा केलेलं होतं.

मी बारा वर्षांची होते. आपल्या क्वार्टरमागे खुराड्यात सहा कोंबड्या होत्या, केंद्रावरच्या नव्हे, आपल्या, घरच्या. त्या वर्षी थंडी एवढी होती की द्राक्षबागांत लोक शेकोट्या पेटवत होते. तुम्ही दोन दिवस केंद्रावरच होतात, पिल्लांची मोठी खेप निघाली होती म्हणून. मी संध्याकाळी खुराड्याच्या सगळ्या फटी पोत्यांनी बुजवल्या, आईच्या नकळत स्वयंपाकघरातली वायर ओढून आत बल्ब टांगला, आणि माझी आवडती काळी कोंबडी बल्बाच्या अगदी जवळ बसवली. पहाटे वीज गेली. सकाळी तुम्ही आलात आणि मी तुम्हाला कौतुकाने खुराडं दाखवायला नेलं. आतून वाफ आली. पाच कोंबड्या भिजल्यासारख्या थरथरत होत्या आणि काळी मेलेली होती. तुम्ही मला मारलं नाहीत. तुम्ही कधीच मारलं नाहीत, पण त्या दिवशी मारलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही पोती काढली, एकेक, घडी करून बाजूला ठेवलीत, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "कोंबडी थंडीनं मरत नाही. ओलीनं मरते आणि कोंडल्यानं मरते. मायेनं कोंडलंस तरी कोंडणंच ते." आणि मग जरा थांबून, "त्यांची ऊब त्यांच्याजवळ असते. आपण फक्त ती भिजू द्यायची नाही." मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला वाटलं असेल कोंबडीचं दुःख आहे. कोंबडीचं होतंच, पण मला राग आला होता. मी एवढं प्रेमाने केलं आणि तुम्हाला त्यातली चूक तेवढी दिसली, असं मला वाटत होतं.

त्या सकाळी पायरीवर बसून मी फोन हातात घेतला. पोरीला काहीतरी लिहावं, निदान माफी तरी मागावी, असं वाटत होतं. मग कळलं की माफीचा मेसेजसुद्धा अजून एक पोतंच होईल. मी काही लिहिलं नाही. फक्त फट उघडी केलेल्या खुराड्याचा आणि फळीवरच्या चौघींचा फोटो पाठवला, खाली एक अक्षर नाही. पांढरीच्या तुऱ्याला व्हॅसलीन लावलं. दुसऱ्या दिवशीही एक फोटो पाठवला आणि तिसऱ्या दिवशी पाठवला नाही. रविवारी दुपारी फोन वाजला. "मॅम? हाऊ इज द व्हाइट वन?" एवढंच. मी म्हटलं, बरी आहे, तुऱ्याचं टोक जाईल थोडं, पण बरी आहे. ती म्हणाली, "नो हीटर? सीरियसली?" मी तिला फटीचं सांगितलं, ओलीचं सांगितलं, तुमचं सांगितलं. ती ऐकत होती. मोज्यांचं मी विचारलं नाही. जिभेच्या टोकावर आलं होतं, गिळलं. तेव्हापासून ती दर रविवारी फोन करते, तीन वाजता.

रविवारी तीन वाजता, आप्पा. म्हणजे तुमचीच वेळ. तिकडे तेव्हा तुमची जेवणाची तयारी चाललेली असायची.

आता स्वेटर. मी इकडे यायला निघाले त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही केंद्रावरून आलात आणि तुमचा सरकारी स्वेटर माझ्यापुढे ठेवलात. राखाडी, पूर्ण बाह्यांचा, कोपरावर आईने रफू केलेला, आणि केंद्रातल्या औषधाचा वास त्याच्या लोकरीत मुरलेला. "तिथं लागेल," म्हणालात. दर हिवाळ्यात तोच घालायचात तुम्ही, दुसरा नव्हताच. मी हसून घेतला. आणि तुम्ही झोपायला गेल्यावर बॅग उघडली, तर वजन जास्त होत होतं. कुकर होता, मसाले होते, सासूबाईंनी दिलेल्या साड्या होत्या. खरं सांगायचं तर वजन हे कारण नव्हतं. नवी नवरी, पहिल्यांदा विमानात बसणार, परदेशी जाणार, आणि बॅग उघडली की वर शिपायाचा रफू केलेला स्वेटर, औषधाच्या वासाचा. मला लाज वाटली. मी तो काढला आणि गाद्यांच्या चळतीखाली सारला.

तो पहिला हिवाळा मी कसा काढला ते मलाच माहीत. जावई सकाळी जायचे, काळोखात जायचे आणि काळोखात यायचे. भाषा येत नव्हती, काम नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं. मी दिवसभर हीटरला पाठ लावून बसायचे. आणि रविवारी तुमचा फोन यायचा. आई भाजी कुठली मिळते ते विचारायची, मग तुम्ही घ्यायचात. तुम्ही एकच विचारायचात, "स्वेटर घालतेस ना?" मी म्हणायचे, "हो." तुम्ही म्हणायचात, "बरं." झालं. दर रविवारी. दीड वर्ष.

दुसऱ्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. तेराव्यानंतर आईने तुमचे कपडे काढले आणि त्यात तो स्वेटर होता. धुतलेला. दुसऱ्या कोपरालाही रफू. मी बघत राहिले. आई सहज म्हणाली, "तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी गाद्या उन्हात घालताना सापडला त्यांना. मग घालत होते ते. मला म्हणाले, तिला बोलू नकोस काही."

आप्पा, म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तो स्वेटर अंगात घालून तुम्ही मला फोनवर विचारत होतात, स्वेटर घालतेस ना. आणि मी हो म्हणत होते. दीड वर्ष मी खोटं बोलत होते आणि दीड वर्ष तुम्ही ते ऐकून घेत होतात. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, जावयांनासुद्धा नाही. आणि याहून वाईट म्हणजे मी तुमच्यावर पुन्हा एकदा रागावले, तुम्ही गेल्यावर. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम विचारत होतात. पोती घडी करून ठेवलीत ना, तसं, न मारता मारत होतात. एकदा तरी म्हणायचं होतंत, पोरी, स्वेटर इथेच आहे. मी रडले असते, माफी मागितली असती, मोकळी झाले असते. तुम्ही का विचारत राहिलात, हा प्रश्न अठरा वर्षं माझ्या छातीत अडकून बसलाय.

गेल्या शनिवारी तुमच्या नातीच्या सायकलमध्ये हवा भरायची होती. पंप सापडेना म्हणून तिच्या खोलीत गेले. पलंगाखाली हात घातला आणि मऊ काहीतरी लागलं. हिरवा स्वेटर. बाजारातल्या पिशवीतच, किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेला. मी खाली बसले. आधी राग आला, मग हसू आलं, इतकं की मला पलंगाची कड धरावी लागली. गाद्यांची चळत इथे नसते, म्हणून पलंगाखाली, एवढाच काय तो फरक. रक्त कुठे जाणार!

संध्याकाळी कोंबड्यांना मका घालायला जाताना तोच अंगात घातला. छान ऊबदार आहे. दुसऱ्या दिवशी रविवार. तीन वाजता फोन आला तेव्हाही तो माझ्या अंगातच होता. पांढरीचं विचारून झालं, तिच्या परीक्षेचं झालं, घरातल्या एका मुलाने सगळ्यांसाठी मटारचं दाट सूप केलं त्याचं झालं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. शप्पथ सांगते, ठरवून नव्हतं विचारलं.

"स्वेटर घालतेस ना गं?"

"येस, मॅम. ऑलवेज."

आणि आप्पा, मी ऐकत होते. शब्द नाही, त्यामागचं. ती भरभर बोलत नव्हती, आवाज चढलेला नव्हता, मागे कुणीतरी हसत होतं आणि भांडी वाजत होती, आणि खोटं बोलताना तिला स्वतःलाच जरा हसू येत होतं. स्वेटर पलंगाखाली होता की तिच्या अंगात, याच्याशी त्या प्रश्नाचा काही संबंधच नव्हता. पोर गारठलेली नव्हती. मला ते दार न उघडता कळलं. मी म्हटलं, "बरं." आणि फोन ठेवल्यावर तिथेच उभी राहिले, कारण तो "बरं" अगदी तुमच्या आवाजात निघाला होता.

तुम्ही मला पकडत नव्हतात. तुम्ही कान लावून उभे होतात. हे कळायला मला अठरा वर्षं, एक पोर आणि चार कोंबड्या लागल्या.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये. घडी करून खुराड्यातल्या मक्याच्या डब्याखाली ठेवीन, तिथे कुणी बघत नाही. पण एक गोष्ट राहिली. मी दर रविवारी "हो" म्हणायचे ना, तेव्हा मला खूप थंडी वाजत होती, आप्पा. तुम्हाला ते ऐकू येत होतं, म्हणूनच तुम्ही दर रविवारी पुन्हा विचारत होतात.